रक्तेश्वराची तहान

बाराला पाच मिनिटं कमी होती आणि पाथरटोल्याच्या पडक्या देवळासमोर हजार-दीड हजार माणूस एका दगडाकडे डोळे लावून बसलं होतं. एप्रिल संपत आलेला, ऊन पंचेचाळीसच्या घरात. आरमोरीकडचे, चामोर्शीकडचे टेम्पो थेट वैनगंगेच्या वाळूपर्यंत लागले होते. लेकरांच्या डोक्यावर ओले टॉवेल होते, पण पाणी कुणी पीत नव्हतं, कारण बारापर्यंत निर्जळी असा महाराजांचा हुकूम होता.

"भक्तहो, पापणी हलवू नका," भोंग्यातून शिळानंद महाराज बोलत होते. "ज्याच्या मनात शंका, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार. ज्याच्या मनात भक्ती, त्याला रक्तेश्वर आज दर्शन देणार, देणार म्हणजे देणार."

मी मूळची वडशाची, नाटक कंपन्यांच्या गावाची. हिवाळाभर नाटकांच्या जाहिरातीची जीप आमच्या गल्लीतून ओरडत जायची, ते ऐकतच मी मोठी झाले. आज रात्री ठीक नऊ वाजता, असं म्हणताना त्या जीपवाल्याचा जो सूर लागायचा, तोच सूर महाराजांना लागला होता. फक्त पडदा वर जायचा राहिला होता.

मग शंख वाजला. दक्षिणेकडच्या भिंतीत, साधारण छातीच्या उंचीवर, एका दगडाच्या सांध्यात आधी ओल दिसली. मग एक लाल थेंब आला, मागून दुसरा, आणि पाहता पाहता बोटभर रुंदीचा लाल ओघळ खाली ठेवलेल्या पितळी परातीत पडू लागला. बायांनी जमिनीला डोकं टेकलं. "रगत, देवाचं रगत," असं म्हणत एक म्हातारा हुंदके देऊन रडत होता. त्याच्या मांडीवर पाच-सहा वर्षांचा नातू होता, पिवळ्या डोळ्यांचा.

त्या दगडाचं नाव महाराजांनी रक्तेश्वर ठेवलं होतं. माझ्या वहीत त्याचं नाव द-४१ होतं.

हे देऊळ आठ-नऊशे वर्षांचं. नदीकाठच्याच मार्कंड्याच्या देवळांसारखं कोरीव, पण आकाराने लहान आणि नशिबाने फुटकं. कधीतरी शिखर कोसळलं, पुढे कुणीतरी चुन्याविटांनी डागडुजी केली, तीही पडली. तीन वर्षांपासून त्याच्या दुरुस्तीचं काम चालू आहे आणि मी, उर्वशी, त्या कामावर दगडांची नोंद ठेवते. दगडावर रंगाने नंबर टाकायचा, माप घ्यायचं, चित्र काढायचं, मगच तो उतरवायचा, म्हणजे पुन्हा बसवताना ज्याच्या जागी तोच येतो. द म्हणजे दक्षिण भिंत. एक्केचाळीस नंबर मी माझ्या हाताने, पांढऱ्या रंगाने टाकला होता. महाराज आले तसं आमचं काम बंद पडलं, त्यांच्या चेल्यांनी तो नंबर खरवडला आणि त्यावर शेंदूर थापला. मला राग आला होता तो आधी याचाच, हे कबूल करते. माझा नंबर खोडतात म्हणजे काय?

हे देऊळ देवांनी एका रात्रीत बांधलं, माणसाचा हात लागला नाही, असंही महाराज सांगत. गेल्या हिवाळ्यात आमच्या कामावरच्या बुधरीने एक दगड ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा त्याच्या पोटाशी छिन्नीने कोरलेलं एवढंसं धनुष्य निघालं होतं. ती पाथरवटाची खूण. आपण घडवलेला दगड ओळखू यावा म्हणून त्याने कोरलेली. देवांना अशी खूण करायची काय गरज पडली होती, हे महाराजांनी कधी सांगितलं नाही.

पण खरी गोष्ट दगडाची नाही. परातीशेजारी एक पत्र्याची पेटी ठेवलेली असायची आणि तिच्यात लाल कार्डं पडत.

आमच्या भागात लाल कार्ड म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. सिकलसेलची तपासणी झाली की आजार अंगात लपून असलेल्याला पिवळं कार्ड मिळतं आणि खुद्द आजाऱ्याला लाल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की मोठा माणूस गुरासारखा ओरडतो. कार्ड दाखवायचं, गोळ्या आणायच्या, जन्मभर घ्यायच्या. महाराजांनी या कार्डाचा रंग बरोबर हेरला. "लाल कार्ड देवाला द्या, लाल रक्त देवाकडून घ्या," असं ते भोंग्यातून सांगत. कार्ड पेटीत टाकायचं, गोळ्या बंद करायच्या, एकवीस दिवस सूर्य उगवल्यापासून बारापर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि बाराला वाटीभर देवाचं रक्त प्यायचं.

बुधरीच्या लेकीचं, करिश्माचं कार्ड त्या पेटीत महाराजांच्या एकवीस दिवसांतल्या नवव्या दिवशी पडलं. करिश्मा तेरा वर्षांची. टाकणारा तिचा बाप, चैतू.

"चैतूभाऊ, गोळ्या बंद करू नका," मी त्याला देवळाच्या पायरीवर गाठून म्हटलं.

"बाई, डॉक्टर म्हनते हा आजार बरा होत नाई," चैतू शांतपणे म्हणाला. "महाराज म्हनते एकवीस दिवसात होते. तुमची पोरगी असती तं तुम्ही कोनाचं ऐकलं असतं?"

मी ओरडले. महाराज भोंदू आहे, तुम्ही सगळे मूर्ख आहात, असं बरंच काही बोलले. लोकांनी मला दंडाला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं. बुधरी रिकाम्या घागरी घेऊन बाजूला उभी होती. महाराजांनी देवाला पाणी घालायला अकरा बाया निवडल्या होत्या, त्यात तिचा नंबर पहिला होता. रोज सकाळी आठला नदीवरून दोन घागरी आणायच्या, कामाच्या बांबूच्या पायाडावरून भिंतीच्या माथ्यावर चढायचं आणि तिथे बसवलेल्या तळ फुटक्या कलशात ओतायच्या. त्या कलशाला देवाचं मुख म्हणायचे.

तेराव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, रांगेत उभी असलेली करिश्मा खाली बसली. मग आडवी झाली. पाय पोटाशी घेऊन ती जे ओरडायला लागली, ते मी अजून विसरले नाही. ओठ पांढरे, जिभेला चिकटलेले.

"मन्सूरभाऊ, टेम्पो काढा," मी कामावरच्या मिस्त्रींना हाक मारली.

"एक घंटा थांबा," चैतू मधे आला. "बारा वाजू द्या बाई. देव रगत देईन, ते पाजतो."

बुधरीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीला उचललं आणि टेम्पोत बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, दुखण्याचं औषध दिलं, डोळे पाहिले, चामडी चिमटीत धरून पाहिली. "हिला पाणी कुणी तोडलं?" त्यांनी विचारलं. "या पोरांना पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि पेशी अडकतात. बाकी कुणाला दोन तांबे पाणी, तर हिला चार. एवढ्या उन्हात उपाशी, तहानलेली ठेवली, वर ते लाल पाणी पाजून जुलाब लावले. तुम्ही पोरीला बरं करत होतात की काय करत होतात?"

बुधरी भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मी रोज दोन घागरी त्या दगडाले पाजल्या बाई. माही पोरगी समोर तहानलेली बसून राहे, आनि मी दगडाले पाजत होतो."

मी तिच्या शेजारी बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मन्सूरभाऊ आमचे मिस्त्री. चंद्रपूरचे, बापजाद्यांपासून चुन्याचं काम करणारे. बेलफळाचा गर, गूळ आणि चुना किती दिवस भिजवायचा, हे त्यांच्या बोटांना कळतं. करिश्माचा डोळा लागल्यावर आम्ही तिघं दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली बसलो. बुधरीने त्यांना विचारलं, "मिस्त्रीभाऊ, खरं सांगा. ते रगत हाय का?"

मन्सूरभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग दोन विटा उभ्या ठेवल्या आणि मधल्या फटीत मूठभर खडे भरले. "हे पाय बाई. देवळाची भिंत एका दगडाची नसते. बाहेरून घडीव दगड, अंदरून घडीव दगड, आनि बीच मधे असा भराव, गोटे अन् चुना. आपन वरचे थर उतरवले, तं भराव उघडा पडला. त्याच्यावर त्यानं कलश ठेवला." त्यांनी वरून तांब्यातलं पाणी ओतलं. खड्यांतून वाट काढत ते हळूहळू विटेच्या खालून बाहेर आलं. "सकाळी आठले वर टाकलेलं पानी भरावातून झिरपत झिरपत बाराले खाली निघते. बाकीचे सांधे मी भरले होते, एवढाच राहिला. म्हनून तिथूनच निघते."

"आणि लाल?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला माझी वही आठवली. जुन्या पाथरवटांनी दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले असतात. लोखंड गंजतं. तीन पावसाळ्यांपूर्वी मीच लिहून ठेवलं होतं: द-४१, सांध्यातून गंजाचा तांबूस ओघळ. महाराजांना ही कल्पना तो ओघळ पाहूनच आली असणार.

"गंजाचा रंग एवढा नाई येत," मन्सूरभाऊ म्हणाले. "बहुतेक पट्ट्या तं लोकांनी कधीच्याच काढून नेल्या, खाचा रिकाम्या हायेत. कलशाखालच्या खाचेत त्यानं काहीतरी ठेवलं. मले वाटते गेरू."

"मग तुम्ही बोलला का नाहीत इतके दिवस?"

"माझं नाव काय हाय बाई?" ते शांतपणे म्हणाले. "मी त्या दगडाले हात लावला, तं दगडाचं राहीन बाजूले, माह्या मोहल्ल्यापर्यंत गोष्ट जाईन. माहे बी लेकरं हायेत."

उत्तर बुधरीकडे होतं.

"तुम्ही नका लावू हात," ती उठत म्हणाली. "पानी तं मीच टाकतो ना." आणि ती समोरच्या किराणा दुकानात जाऊन कपड्याला घालायच्या निळीची चार पाकिटं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी करिश्माजवळ आजीला बसवून बुधरी सकाळी आठला नेहमीसारखी देवळावर हजर झाली. महाराजांनी तिला पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहा, दवाखान्यात गेली आणि देवाकडेच परत आली." बुधरीने मान डोलावली आणि दोन घागरी कलशात ओतल्या.

बाराला शंख झाला. सांधा ओलावला. पहिला थेंब जांभळा आला. दुसराही जांभळा. मग शाईची दौत लवंडावी तसा गडद निळा ओघळ शेंदरावरून खाली उतरला.

भोंगा गप्प झाला. मला वाटलं, संपला खेळ. पण माणूस मुरलेला होता. दोनदा श्वास घेण्याइतका थांबला आणि गरजला, "नीलकंठ! भक्तहो, आपल्या पापाचं विष देवाने आज स्वतःच्या कंठात घेतलं. चौदाव्या दिवशी नीलकंठ प्रकटणार हे मला स्वप्नात सांगितलं होतं."

आणि लोकांनी जयजयकार केला. पहिल्यापेक्षा मोठा. मी कपाळाला हात लावला. खोटं उघडं पडलं की माणसं शहाणी होतात, असं समजणारी मी पुस्तकी बाई. इथे तर उघडं पडलेलं खोटंच नवा शालू नेसून उभं राहिलं होतं.

तेवढ्यात बुधरी जोत्यावर चढली. तिने पदराखाली लपवलेले दोन्ही हात वर केले. मनगटापर्यंत निळे.

"देव नाई निळा झाला, माहे हात निळे झाले," ती म्हणाली. तिला भोंगा लागला नाही. "सकाळी माह्या घागरीत नीळ टाकली. जे वरतून टाकलं तेच खालतून निघालं. उद्या हळद टाकीन तं पिवळा निघन. तुम्ही रंग सांगा, मी टाकतो."

"या बाईने देवाला विष पाजलं," महाराज ओरडले. "तिची लेक म्हणूनच पडली. आता तिच्या घराचा सत्यानाश होणार."

गर्दी हलली. दोघं-तिघं बुधरीच्या अंगावर जायला उठले. त्यांच्यामधून चैतू पुढे आला. एका दिवसात माणूस निम्मा झाला होता. तो बायकोच्या हातांकडे पाहत राहिला, मग त्याने महाराजांकडे तोंड केलं.

"महाराज, मी अडाणी मानूस. एक विचारतो. रगत देवाचंच हाय ना?"

"देवाचंच."

"मंग उद्या पानी नाई टाकलं तरी येईन ना?"

महाराजांनी घाम पुसला. "येईल. पण देव कोपेल."

"कोपला तं माह्यावर कोपू द्या," चैतू म्हणाला. "उद्या पानी बंद."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. अकराच्या अकरा बायांनी घागरी पायऱ्यांवर उपड्या मांडल्या आणि पुढे बसल्या. त्यातल्या चौघींच्या घरची कार्डं पेटीत होती. मी भिंतीच्या माथ्यावर वही घेऊन बसले, कारण मला काही गोष्टींचा अंदाज होता. साडेनऊला मागच्या बाजूने महाराजांचा चेला मिथुन पाच लिटरचा कॅन घेऊन पायाडावर चढताना दिसला.

"का रे मिथुन, देवाला तहान लागली का?" मी वरून विचारलं.

खाली हशा पिकला. पंधरा दिवसांत त्या जागेवर लोक पहिल्यांदा हसले. मिथुन कॅन तिथेच टाकून उतरला.

बारा वाजले. शंख वाजला, एकदा, दोनदा. दगड कोरडा. सव्वाबारा झाले. भिंतीवरून एक सरडा आला, रक्तेश्वराच्या कपाळावर बसला, त्याने मान हलवली आणि निघून गेला. साडेबाराला महाराजांनी शेवटचं हत्यार काढलं.

"देव रुसला," ते म्हणाले. "का रुसला? हिंदूंच्या देवळावर मुसलमान मिस्त्री ठेवला म्हणून रुसला."

मन्सूरभाऊ चुन्याच्या हौदाजवळ उभे होते, तिथे काही डोकी वळली. दोन पोरं उठली.

"बसा रे," चैतूने त्यांना दटावलं. मग महाराजांना म्हणाला, "मिस्त्री तं तीन वर्षापासून हाय. काल बी होता, परवा बी होता, तवा रगत येत होतं. आज फक्त पानी नाई."

मी इतकी वर्षं शाळा-कॉलेजात विज्ञान शिकले. प्रयोग कसा करावा, हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मन्सूरभाऊ," चैतूने हाक मारली, "वर काय ठेवलं हाय ते तुम्हीच काढा. गाव सांगून राह्यलं."

मन्सूरभाऊ चढले. कलश उचलून बाजूला ठेवला, खालची दगडाची पातळ चीप सरकवली आणि लोखंडी पट्टीच्या जुन्या खाचेतून मलमलीची एक चिंब पोटली काढली. सोडून सगळ्यांना दाखवली. गेरूचे खडे होते, घराच्या कुडाला आपण पट्टा देतो तोच गेरू, वरून निळा झालेला. त्यांनी दगडाखालच्या परातीत एक खडा टाकून तांब्याभर पाणी ओतलं आणि परात लोकांत फिरवली. ज्याला हवं त्याने बोट बुडवून पाहिलं. तो रडणारा म्हातारा, पिवळ्या डोळ्यांच्या नातवाचा आजोबा, बोट कितीतरी वेळ पाहत राहिला आणि मग त्याने नातवासाठी पाणी मागवलं. अकराही बाया घागरी घेऊन नदीकडे धावल्या. त्या दिवशी ते पाणी लेकरांनी प्यायलं.

महाराज मागच्या वाटेने निघाले होते. कुणीतरी फोन केला होता, चामोर्शीच्या रस्त्यावर पोलिसांनी त्यांना थांबवलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायची तर कुणालातरी सही करावी लागते. मी करणार होते, पण चैतूने माझ्या आधी अंगठा उठवला.

पेटी मी उघडली. एकेक लाल कार्ड काढून नाव वाचत गेले आणि माणसं येऊन नेत गेली. कुणी मान खाली घालून, कुणी भांडत. काहींनी नेली नाहीत. त्यांचा देवावर अजून भरवसा होता, आमच्यावर नव्हता. ती कार्डं मी आणि बुधरी घरोघर जाऊन देऊन आलो. दोन घरांतून आम्हाला हाकललं. आम्ही पुन्हा गेलो.

देव मानू नका, असं मी कुणाला सांगत नाही. बुधरी आजही तिच्या पेनला, म्हणजे तिच्या देवाला, मोहाची पहिली फुलं वाहते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. माझं मागणं एवढंच आहे की कुणी चमत्कार दाखवला, तर चैतूसारखं विचारा: हे काढलं तर काय होईल, ते बंद केलं तर काय होईल? जो तपासू देत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका. गोळी बंद करायला सांगणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. आणि नवल करायचंच असेल, तर त्या पाथरवटांचं करा. नऊशे वर्षांपूर्वी यंत्र नसताना त्यांनी हे दगड नदीकाठावर चढवले आणि असे बसवले की न हललेल्या थरांत आजही मधे सुरी जात नाही. ती माणसं होती. बुधरीसारखी, मन्सूरभाऊंसारखी उन्हात राबणारी माणसं होती.

काम पुन्हा सुरू झालं. शेंदूर खरवडून मी दगडावर पांढऱ्या रंगाने पुन्हा द-४१ लिहिलं. मन्सूरभाऊंनी तो उतरवला तेव्हा मागच्या अंगाला तेच छोटं धनुष्य निघालं. बुधरीने त्यावरून बोट फिरवलं. "यानं बी घरी लेकरं ठेवून काम केलं असन," ती म्हणाली आणि घमेलं उचलायला वळली.

करिश्मा पाचव्या दिवशी घरी आली. आता बारा वाजले की बुधरी काम टाकून घरी जाते, लेकीला समोर बसवून दोन तांबे पाणी पाजते आणि परत कामावर येते.